टेकडीवरचा काकडा

पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापली जातेय. बारावीतला मुलगा मांडी घालून बसलाय. ओल्या कणकेचा गोळा तो दोन्ही अंगठ्यांनी पसरवतो, मधूनच तळव्याची एक थाप देतो आणि कान लावतो. आवाज अजून पोकळ आहे. आणखी चिमूटभर कणीक, पुन्हा थाप. आता आवाज खोल उतरतो. मग लहान हातोडीने गठ्ठे एकेक ठोकत तो उजव्या पुडीचा सूर पेटीशी जुळवायला लागतो. पेटीवरचे बुवा एकच पट्टी दाबून डोळे मिटून बसलेत. घाई कुणालाच नाही. पावणेपाच वाजलेत, घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवरचे पत्रे काळोखात आहेत, पहिली मेट्रो अजून सुटायची आहे, आणि दोन खोल्यांएवढ्या या विठ्ठल मंदिरात देवाला उठवायची तयारी चाललीय.

आज आश्विन वद्य अष्टमी. कोजागरी होऊन आठवडा झाला, दिवाळी तोंडावर आलीय. मी पायरीवर उभी राहून वर बघते. अर्धा चंद्र जवळजवळ माथ्यावर आहे. त्याच्या पश्चिमेला जरा खाली मृगाचे तीन तारे एका ओळीत, आणि त्यांच्याही खाली, आग्नेयेला, व्याध लखलखतोय. गेले चार महिने हे आभाळ इथून दिसलेलंच नाही. मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर दुपारी ऊन असं तापतं की या पत्र्यांखाली बसवत नाही. पण पहाटेचे हे दोन तास शरदाचे आहेत. हवा हलकी झालीय, खालच्या रस्त्यावरच्या सातविणीचा उग्र गोड वास थेट वरपर्यंत येतोय, आणि कुणाच्या तरी दारातल्या प्राजक्ताची फुलं एक मुलगी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन पायऱ्या चढतेय.

कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे काकडा. पंढरपुरात देवाची काकड आरती वर्षभर होते. गावोगावच्या आणि मुंबईतल्या वाड्या-वस्त्यांवरच्या मंदिरांत ती या एका महिन्यात दुमदुमते. साताऱ्याकडून, कोकणातून, नगर-जुन्नरकडून माणसं घाटकोपरला आली, टेकडीला धरून राहिली, आणि येताना आपापल्या गावचा काकडाही घेऊन आली. त्यामुळे इथे चालींवरून प्रेमाचे वादही होतात. आत्ताच एक टाळकरी बुवांना म्हणतोय, "बुवा, आज ती आमच्याकडची चाल धरा की." बुवा डोळे न उघडता म्हणतात, "धरू, पण तिसऱ्या अभंगाला. आधी गळा तापू दे."

दारात मावशी उकिडव्या बसून गोपद्मं काढतायत. गाईच्या पावलांची तेहतीस ठसे-चिन्हं, चातुर्मासात रोज. आषाढी एकादशीला सुरुवात करायची, कार्तिकीला सांगता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून रांगोळीची धार सुटते, दोन छोट्या पाकळ्या एकमेकींकडे झुकतात, एक पाऊल पुरं होतं. त्या मोजत नाहीत. ओळ संपली की हाताला कळतं. तीन ओळी, प्रत्येकीत अकरा. मग मधोमध हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. शहाबादी फरशी अजून ओलसर आहे, कारण त्यांनी स्वतःच ती आत्ता पुसलीय.

"पावसात कशी काढायचात?" मी विचारते.

"पत्र्याखाली, आत. तिथं वाळलेली जागा एवढीशीच," त्या हाताने परातीएवढं दाखवतात. "पाऊलं बारीक काढायची. देवाला चालतं."

आणि मग मी न विचारताच त्या बोलू लागतात. हात थांबत नाही.

"पाऊस लागला की डोळ्याला डोळा लागत नाही बघा ताई. पत्र्यावर आवाज वाढला की उठून बसायचं. मागच्या भिंतीला हात लावून बघायचं, नवी ओल आलीय का, माती सुटलीय का. पोरांना दाराजवळ झोपवायचं, म्हणजे उचलून पळता येतं. तीन वाजता, चार वाजता, रोजचं. आता पाऊस गेला तरी त्याच टायमाला जाग येते. अंगालाच लागलंय ते. मग म्हटलं, जाग येतेच आहे तर इकडं यावं."

त्या रांगोळीचा डबा बंद करतात. मी मात्र त्या वाक्यावरच थांबले आहे.

या टेकडीवर पावसाळा म्हणजे काय, हे खालच्या रस्त्यावरून समजत नाही. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगराचा कडा वस्तीवर कोसळला आणि साठाहून अधिक माणसं मातीखाली गेली. ती तारीख इथे कुठल्या पाटीवर नाही, पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. त्यानंतर कुठे संरक्षक भिंती झाल्या, दर पावसाळ्याच्या तोंडावर धोक्याच्या घरांना नोटिसा येतात, आणि जायला दुसरी जागा नसलेली माणसं तिथेच राहतात. शास्त्राप्रमाणे आषाढी एकादशीला देव झोपतो तो कार्तिकीला जागा होतो. त्याच चार महिन्यांत ही टेकडी अर्धी जागी असते. भीतीने मोडलेली झोप आता भजनाच्या कामी येतेय. आश्विनात या माणसांना वाटणारी कृतज्ञता मोघम नाही. भिंत उभी राहिली, माती जागेवर राहिली, घरातली सगळी डोकी मोजून पुरी भरली, याबद्दल ती आहे. कृतज्ञतेवर पुष्कळ गोड बोललं जातं. इतक्या नेमक्या कारणाची कृतज्ञता मी क्वचित पाहिली आहे.

दारावर अजून दसऱ्याचं 'नवं' बांधलेलं आहे. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं, कुर्डूची फुलं, सगळं एका सुतळीत. पानं करकरीत वाळलीत, लोंब्या मात्र सोनेरी आहेत. एक कोकणातले काका गावाहून रात्रीच्या गाडीने ती जुडी मांडीवर धरून घेऊन आले होते. शेत आता भावाकडे आहे, पण पहिल्या लोंब्या मुंबईच्या या दाराला लागायलाच हव्यात, असा त्यांचा नेम.

टाळ वाजतो. बुवांनी सूर धरलाय.

आधी मंगलाचरण, मग देवाला उठवण्याचे अभंग. चाल भैरवाच्या वळणाची, संथ. कोमल रिषभावर बुवा जरा जास्तच रेंगाळतात. विणेकरी मध्ये उभे आहेत, वीणा गळ्यात, एका हातात चिपळी. दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या ओळी, डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. एकूण पंचवीसेक माणसं असतील. हाऊसकीपिंगच्या निळ्या गणवेशातली एक बाई आहे, ती इथूनच परस्पर कामावर जाणार. एक रिक्षावाले खाकी सदऱ्यावर उपरणं टाकून आलेत. सिक्युरिटीची रात्रपाळी संपवून थेट इकडे आलेला एक तरुण मागच्या भिंतीला टेकून टाळ वाजवतोय. त्याचे डोळे मिटताहेत, टाळ चुकत नाही. बहुतेकांना भजनी मालिकेतला क्रम पाठ आहे. पुस्तक उघडं आहे ते फक्त नव्याने आलेल्या सुनांसमोर.

बुवा सत्तरीचे आहेत. तरुणपणी गिरणीत होते, लालबागच्या बाजूला. खात्यातल्या कामगारांचं भजनी मंडळ होतं, पेटी तिथे शिकले. १९८२ चा संप झाला, पुढे गिरणी गेली, कुटुंब घाटकोपरला आलं. "साच्यावरचा हात गेला, पट्टीवरचा राहिला," एवढंच ते त्या सगळ्याबद्दल बोलतात. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली आहेत, सकाळी तर जास्तच. पहिला अभंग ते अडखळत वाजवतात. दुसऱ्याला बोटं मोकळी होतात. तिसऱ्याला ते टाळकऱ्याकडे बघून हसतात आणि त्याच्या गावची चाल धरतात. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. तो उडीच मारतो जागच्या जागी.

भूपाळ्यांनंतर वासुदेव येतो, आणि इथून काकड्याचा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग सुरू होतो. वासुदेव, मग आंधळा, पांगळा, मुका, बहिरा. पहाटे दारोदार फिरणारी, दान मागणारी ही माणसं. संतांनी त्यांची रूपं घेऊन अभंग लिहिले, आणि गाणाराही तेवढा वेळ त्या रूपात शिरतो. मोरपिसांची टोपी इथे कुणाकडे नाही. रिक्षावाले काका उपरण्याचाच उंच फेटा करून डोक्यावर बसवतात, चिपळ्या घेऊन मध्ये येतात आणि गिरक्या घेत दान मागू लागतात. पोरं खिदळतात. पुढच्या अभंगाला एक आजी डोळे घट्ट मिटून हात पुढे करते, आंधळी होऊन. तिला खरोखरच एका डोळ्याने कमी दिसतं, तरी हे सोंग ती मन लावून करते. पांगळ्याचा अभंग लागल्यावर सगळे गुडघ्यावर बसतात.

पायावर उभं राहायची मारामार असलेली ही माणसं रोज अर्धा तास आणखी खाली उतरून, ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या जागी जाऊन उभी राहतात. तिथून परत आली की दाराशी ठेवलेली चप्पल, भरलेला हंडा, कोरडी भिंत, सगळंच मिळालेलं वाटू लागतं. मला वाटतं आपल्या संतांनी हे जाणूनच रचलंय. कृतज्ञ राहा असा उपदेश करून कुणी कृतज्ञ होत नाही. गळ्याने, हाताने, सोंगाने ती शिकावी लागते, आणि चार माणसांत मिळून शिकावी लागते. पखवाजावरच्या मुलाला कुणी सांगितलं नसेल, पण आंधळ्याच्या अभंगाला तो थाप इतकी हलकी करतो की आजीचा थरथरता आवाज सगळ्यांना ऐकू यावा.

बाहेर झुंजुमुंजू होतंय. गौळणींना वेग आलाय. बाया पुढे सरसावतात, फुगडीचं एक आवर्तन होऊन जातं. विणेकऱ्यांची कामावर जायची वेळ झालीय. वीणा खाली ठेवायची नसते. ते ती गळ्यातून काढून निळ्या गणवेशातल्या बाईच्या गळ्यात घालतात, आधी ते तिच्या पाया पडतात, मग ती त्यांच्या. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी. त्या क्षणी कुणी टाळ थांबवत नाही, कुणी विशेष बघतही नाही. रोजचंच आहे. ती डोळे मिटते आणि उभ्या उभ्या डुलायला लागते.

सव्वासहा. मंदिराच्या एका खांबाला टेकून एक काका कामट्या तासतायत. गाणं ऐकताहेत, ओठही हलताहेत, हात मात्र बांबूवर. दिवाळीसाठी मंदिराचा आकाशकंदील दरवर्षी तेच करतात. बाजारात प्लॅस्टिकचे घडीचे कंदील ढिगाने आलेत, त्यांना त्याचं काही नाही. कामटी तासायची, पाण्यात भिजवायची, वाकवून दोऱ्याने आवळायची. मग पतंगी कागद, करंज्या, झिरमिळ्या. चिकटवायला खळ. ती ज्या कणकेची केलीय, तिच्यातलीच पखवाजालाही लागलीय, आणि ती कणीक आज ज्यांच्या घरचा प्रसाद आहे त्यांच्याकडून आलेली आहे. काका कामटी डोळ्यासमोर धरून तिचा बाक बघतात, नाराज होतात, पुन्हा तासायला घेतात. वर्षभर ते खालच्या एका कारखान्यात पॅकिंग करतात. तिथल्या खोक्यांवर त्यांचा हात दिसत नाही. या कंदिलावर दिसतो, आणि तो वाकडा दिसायला नको, एवढीच त्यांची ओढ.

टेकडीवरून आता खालचं घाटकोपर दिसू लागलंय. पूर्वेकडे गाड्यांचे दिवे, त्यापलीकडे खाडीवरचं पांढुरकं धुकं, आणि अलीकडे उंच खांबांवरून जाणारा मेट्रोचा मार्ग. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, ८ जून २०१४ पासून सुरू. त्या मेट्रोतून दिसावीत म्हणून २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी असल्फ्याच्या उतारावरची घरं रंगवली, गुलाबी, पिवळी, निळी. तेव्हा फोटो काढायला लांबलांबून माणसं आली. चांगलं काम होतं ते, घरांना आणि माणसांना हुरूप देणारं. रंग आता पुष्कळसे पावसाने धुऊन नेलेत. मावशींची तेहतीस पावलं तर दुपारपर्यंतही टिकणार नाहीत, शंभर चपला त्यांवरून जातील. त्या उद्या पुन्हा काढतील. कुणाला दिसावीत म्हणून त्या काढतच नाहीत. त्यांनी मघाशी ओळ संपवून मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर जो निवांतपणा होता, तो त्या काढण्यातूनच आलेला मी पाहिलाय. बोट नीट चाललं की मनही त्याच्या मागून नीट चालतं.

आता सगळे उभे राहतात. पुजाऱ्यांनी काकडा पेटवलाय. सुती कापडाची जाड पीळदार वात तुपात भिजवून चांदीच्या नव्हे, साध्या पितळी पकडीत धरलेली आहे. ज्योत हातभर उंच जाते. विठोबाच्या काळ्या गुळगुळीत गालावर उजेड पडतो, मग रखुमाईच्या नथीवर. धुराचा आणि तुपाचा वास दाटतो. पखवाज कडाडतो, झांजा आणि टाळ एक होतात, दोन खोल्यांएवढ्या जागेत हा आवाज मावत नाही, बाहेरच्या गल्लीतल्या खिडक्या उघडतात. अंथरुणातून उठलेली माणसं खिडकीतूनच हात जोडतात. एका खिडकीत दात घासणारा मुलगा ब्रश तोंडात धरून हात जोडून उभा आहे. लोणी आणि खडीसाखरेचा नैवेद्य पुढे सरकतो. प्राजक्ताच्या फुलांचा ओचा ती मुलगी विटेवर रिता करते.

मग पसायदान. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी मागितलेलं, शके १२१२ चं, म्हणजे इसवी सन १२९० चं. सातशेहून अधिक वर्षं झाली. इतका वेळ आंधळा, पांगळा होऊन दान मागणारी ही माणसं आता हात जोडून जे मागताहेत त्यात स्वतःसाठी काही नाही. दुष्टांचं दुष्टपण जावं, प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं. रात्रपाळीचा तरुण डोळे उघडून म्हणतोय, झोप उडालीय त्याची. मीही म्हणते. शाळेपासून पाठ असलेले ते शब्द या टेकडीवर, या भिंतींच्या आधाराने म्हणताना माझ्याच कानांना नवे लागतात.

उजाडलंय. सतरंजी गुंडाळली जाते, पखवाजावरची कणीक खरवडून काढली जाते. मुलगा ती चिमण्यांसाठी कट्ट्यावर ठेवतो आणि पाठीला दप्तर अडकवतो, सातचा क्लास आहे. "संध्याकाळी ये रे, तो तुकडा परत घेऊ," बुवा मागून सांगतात. तो "हो आजोबा" म्हणत तीन-तीन पायऱ्या गाळत उतरतो. भिंतीवर फळा आहे, त्यावर महिनाभराच्या प्रसादाची यादी खडूने लिहिलेली. रोज एक घर. काही ठिकाणी दोन-तीन घरं मिळून एक दिवस. त्रिपुरी पौर्णिमेला काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद, त्या दिवसापुढे फक्त 'सर्वजण' असं लिहिलंय.

आजचं घर वरच्या अंगाचं, अगदी कड्याला लागून असलेलं. जूनमध्ये नोटीस आल्यावर ते कुटुंब भांडीकुंडी बांधून दिव्याला नणंदेकडे गेलं होतं. एका खोलीत दोन संसार, पोरांची शाळा इकडे, रोजची गाडीची धक्काबुक्की. दसऱ्याला परत आले. मागच्या भिंतीला एक चीर आहे, बाकी घर होतं तसं आहे. त्या वहिनी रात्री दोनला उठून उपमा आणि शिरा करून बसल्यात. मोठं जर्मनचं पातेलं दोघांनी धरून खाली आणलंय. द्रोण पुरत नाहीत तर त्या हातावर देतायत.

"आमचा दिवस यादीत कार्तिकातला होता," त्या मला सांगतात. "मीच म्हटलं, एवढं थांबायला नको. आल्याबरोबर घालू दे."

मी एक द्रोण संपवून बाजूला होऊ पाहते. त्या मनगट धरतात.

"ताई, अजून घ्या. हे पातेलं मला रिकामंच वर न्यायचंय."